पाइल नंबर एक

"आधी बें बें करून दाखव, मंग मशीन लाव."

नाना असं म्हणाले आणि मांडवाखालची सगळी माणसं हसली. खुर्चीतली हसली, पाणी वाटणारी हसली. मीही हसले. ते सांगताना आजही अंगाची आग होते. पण ते लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

वडवणीच्या पुढं एका नदीवर पुलाचं काम चालू होतं, तिथलाच तो मांडव. मी पाया तपासायला गेले होते. डिप्लोमा झालेली, बीडच्या एका लॅबमध्ये नोकरीला, डोक्यावर हेल्मेट, हातात मशीनची पेटी. नानांना त्यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना फक्त माझा बाप दिसला. आम्ही मेंढपाळ. बाप दर उन्हाळ्यात नानांच्या रानात मेंढरं बसवतो. लेंड्यांचं खत नानांच्या रानाला, नानांच्या विहिरीचं पाणी मेंढरांना. पाऊस पडेपर्यंत आमच्या दीडशे जिवांना दुसरीकडं पाणी नाही. पुलाचा ठेका पुतण्याच्या नावावर, पण शब्द नानांचा. पाण्यावरही त्यांचाच.

माझं काम सोपं आहे. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं. फक्त इथं माठ चौदा मीटर जमिनीत गाडलेला. पुलाचा भार पेलणारा काँक्रीटचा खोल खुंट म्हणजे पाइल. त्याचं डोकं घासून साफ करायचं, सेन्सर चिकटवायचा, छोट्या हातोडीनं ठोका द्यायचा. ठोक्याची लहर तळाला जाऊन परत येते. आत कुठं तुटलेलं असेल तर मध्येच माघारी फिरते, आणि पडद्यावरच्या रेघेत ते दिसतं. खोदायचं नाही, फोडायचं नाही.

पाइल नंबर एकची लहर सहा मीटरवरून माघारी फिरली. डोकं पुन्हा घासलं. सेन्सरची जागा बदलली. दहा ठोके दिले. दहाही वेळा सहा मीटर.

तिथं घमेली वाहणाऱ्या एक शांताबाई होत्या. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भरता भरता थांबविलं व्हतं, बाई. नाना यायचे व्हते. नारळ फुटल्याबिगर पुढं भरायचं न्हाई, म्हनले. दोन तास बसून व्हतो आमी."

मग सगळं कळलं. काँक्रीटची गाडी आली म्हणून कामगारांनी भरायला सुरुवात केली होती. पाइल निम्म्यावर आला आणि फोन आला, नारळ राहिलाय. तेवढ्या उन्हात खालचं काँक्रीट आळत गेलं, त्यावर चिखलपाणी साचलं. नाना आले, नारळ फोडला, एक घमेलं स्वतःच्या हातानं ओतलं, फोटो निघाले. मग उरलेला पाइल भरला. आमच्याकडं पाहुण्यासाठी लग्न खोळंबतं तेव्हा फार तर भात गार होतो. इथं पुलाच्या मुळाशीच फट पडली होती.

मी नानांना सांगितलं, नंबर दोन ठीक आहे, एक आतून तुटलाय. ते चिडले नाहीत.

"नंबर दोन चांगलाय न्हवं? मंग त्याच्यावर ठोक आन नंबर एक लिव्ह."

"तसं चालत नाही, नाना."

"आमी पूजा केलेल्या पाइलात खोट? आन ती मेंढरामागं फिरनाऱ्याची पोरगी काढनार?"

त्यांनी माणूस धाडून माझ्या बापाला बोलावलं. बाप पळतच आला. मांडवाबाहेर चपला काढल्या. चार खुर्च्या मोकळ्या होत्या, तरी खाली बसला. नाना माझ्याकडं न बघता त्याला म्हणाले, "तुज्या पोरीला सांग. न्हाई तर आजच मेंढरं उचल."

बापानं हात जोडले. नानांना नाही. मला.

"बाई, त्ये म्हनत्यात तसं कर. लई ऊन हाय. पानी कुठं बघू मी?"

संध्याकाळी मेंढरं वाघरात कोंडतात, जाळीच्या कुंपणात. कुठूनही धडक दिली तरी जाळीच लागते. मी तशी उभी होते. एकीकडं बापाचे जोडलेले हात, दुसरीकडं ती रेघ. मी पुढं झाले, नंबर दोनवर ठोका दिला आणि मशीनमध्ये नंबर एक लिहिलं.

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शहानी हाय पोरगी."

लॅबच्या सरांना मी सगळं सांगितलं, तर तेही नानांच्याच बाजूनं बोलले. "सही करून टाक, कशाला वाकड्यात शिरतेस?" मी तीन दिवस रिपोर्टवर सही टाळली. बें बें करायला सांगितलं तेव्हा मी फक्त हसले होते, तसं केलं नव्हतं. पण पाइलावर मी करून दाखवलं होतं, तेही हातोडी हातात घेऊन, शिकलेल्या डोक्यानं. चीड नानांची आलीच. त्याहून जास्त माझी मला आली.

चौथ्या दिवशी सरकारी इंजिनिअर पाहणीला येणार होते. मी पेटी घेऊन गेले. नाना मांडवात होतेच, इंजिनिअरही आले होते.

"झालंय न्हवं तुजं काम?"

"नाही झालं," मी म्हणाले. मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "त्या दिवशी मी नंबर दोनवर ठोकलं आणि नंबर एक लिहिलं. खोटं लिहिलं. आता खरं करते."

कुणी हसलं नाही. मी इंजिनिअरसमोर नंबर एकवर ठोका दिला. सहा मीटर. जागेवरच रिपोर्ट हातानं लिहिला, पाइल नाकारावा असं लिहून सही केली, एक प्रत त्यांना दिली आणि दुसरीवर पोच घेतली. नानांनी फोन कानाला लावला.

दुपारी बाराच्या उन्हात आमची मेंढरं रानाबाहेर हाकलली. बाप ती घेऊन चौसाळ्याच्या दिशेनं निघाला. वाटेत नऊ कोकरं गेली. बाप अजून माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, "त्येचं काय चुकलं?" काहीच नाही चुकलं त्याचं. लॅबनं मला नोटीस दिली. त्या पाइलावरचं काम सध्या थांबवलंय, पण वरून फोन येतायत असं ऐकते. उद्या दुसरा कुणी जाईल, दुसऱ्या पाइलावर ठोकेल आणि पुलावरून एसटी धावू लागेल. होऊ शकतं.

म्हणून मी सरकारी ऑफिसात द्यायला चौकशीचा अर्ज लिहिलाय. पोच घेतलेली प्रत त्याला जोडली आहे. तो एका टेबलावर दडपला तर दुसऱ्या टेबलावर देईन. चौकशी लागली तर नानांच्या तोंडासमोर उभी राहून बोलेन. खोटा ठोका कुणी दिला, तिथं पहिलं नाव माझं लिहिलंय. कुणी द्यायला लावला, तिथं नानांचं, त्यांच्या आडनावासकट. यातलं एकही नाव मी खोडणार नाही.