माहीनची चूल

आमच्या इथे, अमेरिकेतल्या फ्रिस्कोत, हल्ली नव्या घरांना दोन-दोन स्वयंपाकघरं असतात. एक पुढे, मिरवायला. दुसरं मागे दाराआड, राबायला. ही टूम ज्याने काढली, त्याला एकदा मेथी परतताना आत कोंडलं पाहिजे.

माझी शेजारीण माहीन मूळची इराणातल्या यझ्दची. तिच्या लहानपणी स्वयंपाकघर अंगणाच्या पार पलीकडे होतं, काळोखं आणि धुराने काजळलेलं. पाहुण्यांना तिच्या आईच्या हातची चव ठाऊक होती, आईचं तोंड ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तेहरानच्या फ्लॅटमध्ये ओटा घरात आला, पण त्याला दार होतंच. पुढे तिकडेही भिंती पाडून ओपन किचनची लाट आली, तोवर माहीन अमेरिकेत पोचली होती. इथल्या साध्याशा घरात तिची चूल पहिल्यांदा माणसांत आली. भाताचं पातेलं ताटावर उपडं करायचं, खालची सोनेरी खरवड सगळ्यांसमोर वर आणायची आणि टाळ्या घ्यायच्या, यात तिचा जीव होता.

नवरा गेल्यावर तिच्या मुलाने, सिरुसने, दोघांसाठी नवं घर बांधायला घेतलं. एकदा मी तिच्याकडे चहा पीत असताना त्याने विचारलं, "ममान, किचन मागे घेऊ? म्हणजे पुढे वास येणार नाही."

"मला काय विचारतोस? तुला आवडेल तसं कर," माहीन हसून म्हणाली.

तिच्याकडची रीतच तशी. मनातलं पहिल्या फटक्यात बोलायचं नाही, समोरच्याने पुन्हा पुन्हा विचारायचं. आपण नाही का, ‘नको, नको’ म्हणत ताट पुढे करत? पण इथे वाढलेल्या त्या शहाण्याने एकदाच विचारलं, ओके म्हटलं आणि भिंत उठवली.

वास्तूच्या पार्टीला पुढच्या संगमरवरी ओट्यावर नुसती फुलं. माहीन कुठेच दिसेना. मी मागचं दार ढकललं. घामाघूम माहीन झाकणं आपटत होती.

"चारुता जान, एवढी अमेरिकेत आले आणि परत आईच्या अंगणापलीकडे जाऊन बसले!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातेल्याचा एक कान तिने धरला, एक मी. पुढच्या ओट्यावरची फुलं बाजूला सारून आम्ही भात तिथेच उपडा केला. खरवड अख्खी निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माहीनने मात्र कुणाकडे पाहिलं नाही.

सिरुस धावत आला. "चारुता आंटी, प्लीज, सगळीकडे वास..."

"याच वासावर पोसलास तू! आईला दाराआड टाकताना लाज नाही वाटली?"

त्याचं तोंड उतरलं. आईकडे वळून तो म्हणाला, "ममान, मला कळलंच नाही. ती भिंत पाडू?"

"नको रे, राहू दे. कशाला उगाच त्रास?"

तो सुटल्यासारखा निघाला. मी त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

"गाढवा, परत विचार!"