पार्सल कुणी बांधलं?

आमच्या परभणीच्या पार्सल काउंटरवर किस्से फार साचतात. माल एका बाजूनं येतो, दुसऱ्या बाजूनं जातो, किस्से तेवढे मागं राहतात. त्याला कारण आमचा नियम. इथलं पार्सल ट्रकनं हैदराबादला आणि तिथून प्रवासी विमानाच्या पोटात जातं. वर माणसं बसलेली असतात. म्हणून घेण्याआधी ते उघडून बघायचं आणि ज्यानं बांधलं त्यालाच विचारायचं, "आत काय आहे? तुम्हीच बांधलंत ना?" आता आपल्याकडं कुणाला बांधलेलं सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या देवघरात चपला घालून शिरण्यासारखंच!

*

गंगाखेडचे एक व्यापारी आले. पार्सल दुकानातल्या माणसानं बांधलेलं. "मग त्यांना पाठवा, त्यांच्यासमोर उघडू," मी म्हणालो.

शेठनी पार्सलवर हात ठेवला. "माजा त्याच्यावर भरवसा हाय. तुमच्यावर बी हाय. तुमचा कुणावरच न्हाई का हो?"

मी नियमावर बोट ठेवलं.

*

झरीच्या एका मावशींनी नातवासाठी सुकं खोबरं आणलं. खोबरं तेलकट, पेट घेतं, विमानात चालत नाही, असं मी समजावलं. मावशींनी वाट्या परत पिशवीत टाकल्या.

"जलमभर चुलीपाशी ठिवलं बाबा, कदी पेटलं न्हाई. तुमच्या इमानालाच लय भ्या वाटायलंय."

*

माझा जोडीदार शकील कात्रीचा पक्का. कुणाचीही गाठ असो, कचकन कापणार. एकदा त्यानं स्वतःच्या बहिणीसाठी ईदचे कपडे आणले. मी विचारलं, "आत काय आहे? तूच बांधलंस ना?"

"अबे, मी हाय ना!"

"तू आहेस म्हणून नियम बदलत नाही."

त्यानं निमूट आपल्याच गाठीवर कात्री चालवली. संध्याकाळी चहाला बसल्यावर म्हणाला, "बरोबर केलंस. पण लय लागलं."

*

त्यानंतर ताडकळसचे एक काका आले. कापडात शिवलेलं गाठोडं. लेक गुवाहाटीला, दिवस भरत आलेले.

"कुणी बांधलं?"

"मंडळीनं."

"मग त्यांना घेऊन या, काका."

"तिला आणता आलं असतं, तर पोरगी बाळंतपणाला माहेरीच आली असती की." काकांनी गाठोडं पुढं सरकवलं. "गेल्या महिन्यात गेली ती. हे टाके तिच्या हातचे हाईत."

शकीलनं उचललेली कात्री खाली ठेवली. शेजारच्या टेलरकडून सुई आणली आणि दोरा न तोडता एका बाजूचे टाके हळूहळू सोडवले. आत कुंची, दुपटी, एक छोटी वाकळ. सगळं तपासून त्यानं होतं तसं ठेवलं आणि सुई काकांच्या हातात दिली.

काकांनी आयुष्यात सुई धरली नसावी. वेडेवाकडे टाके घालत त्यांनी तेवढी बाजू शिवली. रांगेतल्या कुणी घाई केली नाही. पण नियमाचा प्रश्न विचारणं भाग होतं.

"काका, पार्सल कुणी बांधलं?"

त्यांनी गाठोड्यावरून हात फिरवला.

"आमी दोघांनी."