मिरचीचा ओलावा आणि एक दाखला

माझा शोधनिबंध मोजमापशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला, तेव्हा वडिलांनी गावात, ब्राह्मणपुरीत, पेढे वाटले. विषय त्यांच्याच खळ्यावरचा होता. धान्याचा ओलावा मोजायचं मीटर मिरचीला लावलं, तर कडकडीत वाळलेली मिरचीही ते ओली दाखवतं. व्यापारी त्यावरच भाव पाडतात. आम्ही दोघांनी हिवाळाभर मिरच्या तोलल्या, मी कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवल्या, पुन्हा तोलल्या. मीटर खोटं ठरलं. कुणीतरी हे वाचावं, आपल्या संशोधनात त्याचा दाखला द्यावा, एवढंच मला हवं होतं.

कुणी ढुंकून पाहिलं नाही. मोठ्या प्रयोगशाळांतली माणसं एकमेकांचेच दाखले देतात. आणि आमच्या कॉलेजात दाखल्यांचा आहेर चालतो, लग्नातल्यासारखी परतफेड ठरलेली. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणायचे, "मॅडम, मन्हा दोन निबंध घाला, मी तुमना दोन घालस." मी नाक मुरडायची. मला खरा वाचक हवा होता.

मग एक दिवस स्क्रीनवर माझ्या दाखल्यांचा आकडा शून्याचा एक झाला. लांबच्या कुठल्याशा संस्थेतल्या लोकांनी माझा दाखला दिला होता. मी आनंदानं आधी वडिलांना फोन केला आणि मग त्या लोकांचा निबंध उघडला. 'हे मीटर मिरचीसाठीही चालते' असं वाक्य होतं आणि पुढे कंसात मी. मेल्यांनी शीर्षकापलीकडे काही वाचलंच नव्हतं! मी मेल पाठवले, उत्तर आलं नाही. पुढच्या संशोधकांनी ते वाक्य उचललं, सोबत मलाही उचललं. माझा आकडा वाढत गेला. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. ती शाल मी घडीसुद्धा न मोडता कपाटात टाकली आहे.

यंदा वडिलांबरोबर मिरची विकायला गेले. व्यापाऱ्यानं मीटर लावलं आणि माल ओला ठरवला. वडील ताठ मानेनं म्हणाले, "हाई मीटर खोटं शे. मन्ही पोरनी सिद्ध करेल शे."

व्यापाऱ्यानं मीटरबरोबर आलेलं माहितीपत्रक पुढे केलं. मिरचीसाठी खात्रीशीर, असं वर ठळक आणि खाली आधार म्हणून माझं नाव. मी समजावत राहिले, माझा आवाज चढला.

"मॅडम, छापेल शे ना?" तो शांतपणे म्हणाला.

वडिलांनी पत्रक लांब धरून माझं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं. मग त्याच भावात माल देऊन टाकला.

 घरी येताना गाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "बेटा, आपन त्या मिरच्या कसाले तोल्यात?"