नोएडा चार्टर्डचे सहप्रवासी

दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात स्वतःचा फ्लॅट घेतला आणि मी चार्टर्ड बसने ऑफिसला जाऊ लागलो. चार्टर्ड म्हणजे महिन्याचा पास काढायचा आणि रोज त्याच पस्तीस जणांचा छळ सोसायचा! एक किस्सा सांगायला घेतला की मागून चार येतात. माणसं वैताग आणणारी खरी, पण मी त्यांच्याकडे थक्क होऊनच बघत आलो.

*

पहिल्याच दिवशी रिकाम्या सीटवर बसायला गेलो. मागून आवाज आला, "भाईसाहब, यहाँ चड्ढाजी बैठे हैं."

बघतो तर सीटवर रुमाल! चड्ढाजी आठवडाभर रजेवर होते. रुमाल मात्र रोज ऑफिसला जाऊन आला. मी त्याच्याशेजारी उभा!

*

थंडी पडली की सूद मॅडमचं विणकाम सुरू. शेजारी बसलं की कोपर बरगडीत. एकदा अर्धा स्वेटर माझ्या पाठीला लावून म्हणाल्या, "ज़रा सीधे बैठिए. मेरे हस्बैंड की पीठ बिल्कुल आप जैसी है."

बाह्यांच्या मापासाठी तर मी अर्धा रस्ता हात पसरून गेलो. पुढे त्यांचे मिस्टर भेटले. स्वेटर इतका फिट बसला होता की मलाच अभिमान वाटला!

*

त्यागीजी रोज माझ्या खांद्यावरून माझाच पेपर वाचायचे. मी दोन दिवस आजारी पडलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाच झापलं, "यार, बताना तो चाहिए! दो दिन से दुनिया की कोई ख़बर नहीं."

*

मागे चौघांचा पत्त्यांचा अड्डा. गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, तेच टेबल. एकदा यमुनेच्या पुलावर बस बंद पडली. सगळे दुसऱ्या बसकडे धावले. हे चौघं ब्रीफकेसचे चार कोपरे धरून, पावलं मोजत आले. एक पत्ता हलला नाही. काय म्हणायचं याला?

*

आणि माथुरसाहेब! रोज उशीर. ड्रायव्हर बलबीर त्यांच्या दाराशी हॉर्न वाजवत थांबायचा. कुणाला मागे टाकून जायचं नाही, हा बसचा रिवाज.

सौच्या मैत्रिणीचा मुलगा शफीक, बीडचा, करोल बागेत खोली घेऊन आयएएसची तयारी करत होता. मुख्य परीक्षेच्या आदल्या दिवशी घरचं जेवण मिळावं म्हणून आमच्याकडे आला. हा त्याचा शेवटचा अटेम्प्ट. सकाळी मी म्हटलं, "आमच्या बसनेच चल, वेळेत सोडतो." माझी अक्कल!

माथुरांच्या दाराशी पंधरा मिनिटं गेली. बाल्कनीतून साबण लावलेला चेहरा डोकावला, "बस दो मिनट जी!"

शफीक रडवेला झाला होता. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "लड़के का इम्तिहान है, नौ बजे गेट बंद हो जाएगा!"

माथुर तसेच धावत खाली आले. अंगात बनियन, एका गालावर साबण. "बलबीर, पहले सेंटर चलो!" पस्तीस जणांना ऑफिसला उशीर होणार होता, पण सगळेच "चलो, चलो" करू लागले.

पोचलो तेव्हा गेट नुकतंच बंद झालं होतं. "टाइम हो गया," गार्ड म्हणाला. शफीक मटकन खाली बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माथुर पुढे घुसले.

"आप कौन? बाप हैं इसके?" गार्डने विचारलं.

"नहीं जी," साबणाचा गाल पुढे करत माथुर म्हणाले, "मैं इसकी देरी हूँ!"

गार्डने एकदा त्या गालाकडे पाहिलं आणि गेटची कडी काढली.