बांगड्यांच्या दुकानातला बोका

बांगड्या भरताना बाईचा हात आमच्या हातात अडकलेला असतो, पण तोंड मोकळं असतं! औंढ्याला देवळाच्या गल्लीत आमचं दुकान आहे. इथं किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. या वर्षी साठलेले मात्र सगळे एकाच बोक्याचे निघाले.

*

शेजारी बापूरावांचं पेढ्यांचं दुकान. त्यांची रिकामी प्लॅस्टिकची बरणी एक रानातला बोका चाटायला गेला आणि डोकं आतच अडकलं. बरणीसकट तो गल्लीभर धडकत सुटला. बापूरावांनी अंगावर पोतं टाकलं, कात्रीनं बरणी कापली. सुटल्या सुटल्या बोक्यानं त्यांचा अंगठा फोडला आणि आमच्या दुकानात उडी घेतली. मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांमागं जाऊन बसला.

इंजेक्शन घ्यायला निघताना बापूराव म्हणाले, "बरणी माझी, रगत माझं, आन् मांजर तुमचं! बराबर हाय का हे?"

*

बरणीची कड लागून त्याच्या मानेला जखम झाली होती. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दारातूनच टॉर्च मारला. बोका असा फिसकारला, की टॉर्च त्यांच्या हातातून पडला.

"जखम वरवरची आहे," ते म्हणाले. "माणसाचा हात कधी लागलेलाच नाही त्याला. जरा माणसाळला, की हातात घेऊन मलम लावा."

आतून आत्या म्हणाल्या, "हातात घेता आला असता तर तुमाला काहून बोलावलं असतं, सायेब?"

*

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. निम्म्या तालुक्यातल्या नवरींना त्यांनीच हिरवा चुडा भरलेला. डाव्या हातानं समोरचीचा हात दाबून मऊ करायचा, उजव्यानं बांगडी सरकवायची. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं नीट झालं, पण डाव्या हाताची बोटं बधिर राहिली. किती दाबतोय तेच कळेना. एका नवरीच्या हातात काच घुसली, आणि त्या दिवसापासून आत्या दुकानाच्या गादीवर बसल्याच नाहीत. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता," म्हणून मागच्या खोलीत गेल्या.

मी विनवण्या केल्या, भांडले, रडलेसुद्धा. त्यांच्याशिवाय मला ती गादी ओकीबोकी वाटायची. आता त्याच खोलीत बोकाही आला, आणि दोघांपैकी एकही बाहेर यायला तयार नव्हतं!

*

मला घाई फार. दुधाची वाटी ठेवून, लाडीगोडी लावत मी हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे!

आत्या भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. म्हणाल्या, "तिकडं बघू न्हाई, लता. बघितलं की बिचकतंय. आपून आपलं बसावं."

त्या रोज तशाच बसायच्या. बोक्याकडं पाठ, बधिर हात मागं चटईवर उघडा, तळव्यावर दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा.

"आत्या, चावंल ना!"

"चावला तर ह्याच हाताला चावंल. मला कळणार बी न्हाई!"

*

एकदा खोलीचं दार उघडं राहिलं आणि बोका थेट शोकेसवर. खाली येताना बांगड्यांचे दोन स्टँड घेऊन आला. आवाज ऐकून बापूराव धावले. "किती फुटल्या ओ, काकू?"

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आत्या आतून गरजल्या, "वाढल्या म्हन रे, मेल्या!"

"बरं, वाढल्या. मंग धंदा जोरात हाय म्हना की!"

कितीतरी महिन्यांनी आत्या मोठ्यानं हसल्या. मला त्या काचांचं काही वाटलं नाही.

*

एका दुपारी चहा घेऊन आत गेले आणि दारातच थांबले. भाकरी खाऊन झाली होती, तरी बोका परत गेला नव्हता. त्यानं हनुवटी आत्यांच्या तळव्यावर टेकवली होती. डोळे मिटलेले.

आत्यांनी मान वळवली नाही. हळूच विचारलं, "लता, डोस्कं ठेवलं काय गं त्यानं? मला कळून न्हाई राहिलं."

"ठेवलंय, आत्या."

त्या हलल्या नाहीत. चहा गार झाला. माझे डोळे भरून आले होते. मलमही त्याच आठवड्यात लागलं.

*

परवा शिरड शहापूरहून एक बाई लहान लेकीला घेऊन आली. घरात लग्न होतं. लेकीनं दोन्ही मुठी पोटाशी घट्ट धरलेल्या. मी गोड बोलले, चॉकलेट दाखवलं. आई ओरडली, "हात दे ना गं! काहून तमाशा करून राहिली?" पोरगी आणखीच किंचाळली.

मागचा पडदा हलला. आधी बोका आला, शेपटी वर करून. त्याच्यामागून आत्या. गादीवर माझ्या शेजारी बसल्या, तोंड रस्त्याकडं फिरवलं आणि डावा हात पोरीसमोर उघडा ठेवला.

पोरगी गप्प झाली. एकदा बोक्याकडं बघायची, एकदा हाताकडं. आई वाकून काही बोलणार, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "तिकडं बघू नका, बाई."

हळूहळू एक मूठ सुटली.

आत्या रस्त्याकडंच बघत होत्या. "लता," त्यांनी हळूच विचारलं, "ठेवला काय गं?"

लहान मापाच्या हिरव्या बांगड्या मी त्यांच्या उजव्या हाताशी सरकवल्या.