ज्याचा माल, त्याची सीट

मी गाव सोडलं तेव्हा एका तिजोरीला टेकून बसलो होतो. तिजोरी आमच्या कामरगावच्या एका शेटजींची होती. ते दुकान आवरून कारंज्याला भावाकडे राहायला चालले होते आणि बाबांच्या जुन्या पिकअपमध्ये पुढे, बाबांच्या शेजारी, मांडीवर पितळी डबा घेऊन बसले होते. मी मागे हौद्यात. मला कारंज्याहून पुण्याची ट्रॅव्हल्स धरायची होती. एकुलता एक मुलगा पहिल्यांदा घर सोडतो आहे म्हणून बाबांनी माझ्यासाठी वेगळी खेप केली असती, असं ज्यांना वाटतं त्यांनी बाबांना पाहिलेलं नाही. शेटजींनाच संकोच वाटला. पोराला पुढे घ्या, मी सरकून बसतो, असं ते म्हणाले. बाबांनी गिअर टाकला.

"शेटजी, ज्याचा माल त्याची सीट. त्याचा काय माल हाय? एक बॅग."

गाडी माझ्याहून सात वर्षांनी मोठी होती आणि हा नियम गाडीइतकाच जुना. पुढे एकच माणूस बसणार, ज्याचा माल तो. दोघांचा माल असेल तर ज्याचा जड, तो पुढे. बाकीच्यांनी मागे, मालावर. एकदा सत्काराचा हार गळ्यात घातलेले सरपंच कारंज्याहून विटांवर बसून आले, कारण विटा एका विधवा बाईंच्या होत्या आणि त्या पुढे बसल्या होत्या. पोहरादेवीच्या यात्रेत व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी सोफे न्यायचे होते. सोफे नक्की कोणाचे, हे शेवटपर्यंत कोणी सांगेना. मांडववाले म्हणाले समितीचे, समिती म्हणाली मांडववाल्यांचे. बाबांनी पुढची सीट रिकामी ठेवून गाडी नेली. दोन कार्यकर्ते मागे सोफ्यांवर बसले आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा त्या सोफ्यांवर योग्य माणसं बसली.

वजनकाट्यावर गाडी नेणं बाबांना अपमान वाटे. माल भरला की ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसत आणि गाडीचा भार पेलणारे कमानपाटे आणि चेसिस यांच्या फटीत बोटं घालत. रिकाम्या गाडीत आख्खा पंजा आडवा जाई. माल भरल्यावर दोन बोटं गेली पाहिजेत. दीड गेलं की माल उतरवा. थ्रेशर असो, विहिरीचं इंजिन असो, पिठाच्या गिरणीचे दगड असोत, दोन बोटांखाली त्यांनी चाक हलवलं नाही.

कारंज्याला तिजोरी उतरली, मग मी उतरलो. गाववाल्यांनो, तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना बापांनी निरोपाच्या वेळी काहीतरी लक्षात ठेवण्यासारखं सांगितलं असेल. मला माझे बाबा म्हणाले, "फाळका लावून घे." मी हौद्यामागच्या फाळक्याच्या दोन्ही कड्या अडकवल्या. ते गेले.

पुण्यात मी बावीस वर्षं आहे. इथे आमची सोसायटी आहे, तिला एक कमान आहे, कमानीवर दोन सिमेंटचे हत्ती आहेत. सोसायटीला अध्यक्ष आहेत. ते स्वतःचा उल्लेख इतिहासप्रेमी असा करतात, म्हणजे इतिहासाला ते आवडतात की नाही हा प्रश्न उरत नाही. त्यांच्याकडे चार जुन्या गाड्या आहेत. त्या वर्षातून एकदा ग्राउंडवर येतात, पुसल्या जातात, आणि लोक त्यांच्यासोबत सेल्फी काढतात. याला वारसा जपणे म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी पिकअपचं इंजिन बसलं. अमरावतीपर्यंत पार्ट मिळेनात. मीच फोनवर म्हणालो, इकडे पाठवा, मी करून घेतो. गाडी एका ट्रकवर चढून पुण्याला आली आणि बाबा त्या ट्रकमध्ये पुढे बसून आले. माल त्यांचा होता. सोयाबीन निघायच्या आत गाडी परत पाहिजे, एवढं सांगून ते एसटीने परत गेले.

अध्यक्षांनी ती पार्किंगमध्ये पाहिली आणि त्यांचे डोळे पाणावले. ते सहज पाणावतात. आमच्या मेकॅनिककडून फुकट करून देतो, म्हणाले, फक्त आमच्या जुन्या गाड्यांच्या सोहळ्यात एक दिवस उभी करा. मी हो म्हणालो. बाबांना विचारलं नाही. हे मी इथे लिहितो आहे, कारण पुढचं सगळं वाचताना तुम्ही अध्यक्षांना हसाल, आणि त्या हसण्यातला मोठा वाटा माझा आहे.

इंजिन उत्तम झालं. पण रिकामी गाडी मागून उचललेली दिसते, ते फोटोत बरं दिसेना. म्हणून मेकॅनिकने मागच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन पाटे काढून टाकले. गाडी छान खाली बसली. हौद्याला पॉलिश झालं. त्यात सहा पोती रचली गेली आणि शेजारी धोतर-फेटा घातलेला एक केटरिंगचा माणूस उभा राहिला. पाटीवर लिहिलं होतं : मातीशी नाळ. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो की माझ्या वडिलांनी आयुष्यभर ओझी वाहिली, आता त्यांची गाडी सन्मानाने विसावते आहे. टाळ्या पडल्या. मी चांगलं बोलतो.

टाळ्या थांबल्यावर पाहिलं तर बाबा फेटेवाल्याच्या शेजारी उभे होते. सोयाबीन तोंडावर आली होती, म्हणून न कळवता गाडी न्यायला आले होते. वॉचमनने त्यांना कार्यक्रमातलेच समजून आत सोडलं होतं. त्यांनी एक पोतं एका हाताने उचललं.

"काय हाय याच्यात?"

"थर्माकोल," मी म्हणालो.

"कोणाचा माल?"

 ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. पॉलिश केलेल्या, कोऱ्या, रिकाम्या गाडीत फक्त दोन बोटं गेली.  अध्यक्षांना वाटलं ते नमस्कार करत आहेत, त्यांनी फोटोग्राफरला बोलावलं.

"पाटे कोठी गेले?" बाबांनी मला विचारलं. आवाज चढला नव्हता. "गाडी मेली असती त चाललं असतं. तुनं तिले बसवली."

सन्मानाने विसावणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पाटे भंगारात जायचे राहिले होते. गॅरेजच्या मागे, गवतात पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मेकॅनिकने आणि मी ते परत चढवले. बाबा स्टुलावर बसून पाहत होते. दुपारी त्यांनी बोटं घातली. आख्खा पंजा गेला. मग ते म्हणाले, "रिकामी नेऊ काय आता? सहाशे किलोमीटर?"

मी घरी गेलो आणि पुस्तकांची खोकी बांधायला घेतली. तोवरच्या एकोणीस वर्षांत घेतलेली, निम्मी वाचलेली, उरलेली पाहुण्यांना दाखवलेली. अठरा खोकी झाली. बायकोने कारण विचारलं नाही, दोरी आणून दिली. बाबांनी एक खोकं उचलून पाहिलं, ते कण्हले, आणि मला वाटतं ते प्रसन्न झाले.

"कोणाचा माल?"

"माझा."

"मंग समोर बस."

त्या सीटमधून एक स्प्रिंग वर आलेली आहे. ती मांडीला टोचते. लहानपणापासून मला वाटत होतं की पुढे काहीतरी राजेशाही असेल.

दोन दिवस लागले.  वाटेत बाबा एकदा म्हणाले, पुस्तकं वजनाले बरी असतात, सांडत नाहीत. कारंज्याला एक बाई गिरणीच्या दगडांची जोडी घेऊन उभ्या होत्या. कामरगावलाच न्यायची होती. दगड चढले. बाबांनी चाकापाशी बसून बोटं घातली : दोन. मग ते उठले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुण्यात लोक मला विचारतात, गावाशी संबंध आहे का अजून? अध्यक्ष तर नाळ कशी आहे असंच विचारतात, जणू ती मी बॅगेत घेऊन हिंडतो. गावात राहिलेल्या तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. दगड खोक्यांपेक्षा जड होते. कोणी सांगायच्या आत मी खाली उतरलो, बाईंना पुढे बसू दिलं, मागे माझ्या खोक्यांवर चढलो आणि आतूनच हात बाहेर काढून फाळका लावून घेतला.