गव्हर्नर साहेब आणि आमची पोळ्यातली जागा

वलगावहून गाडी निघाली त्या सकाळी मायने चुलीतली राख काढली नाही. मी लहान होते, तरी मीच तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "घर सोडणारी बाई राख काढते. आपून का घर सोडून राहिलो? अकोल्याले जाऊन येतो."

आम्ही एका अमेरिकन साहेबामागे निघालो होतो. त्याच्या देशात भाऊ भावाशी लढत होता, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला. लढायच्या वयाचा हा धडधाकट माणूस मात्र अकोल्याजवळ शेत घेऊन तिकडची सरकी पेरत होता. त्याला मुकादम हवा होता. बाने वलगावचं शेत काकाकडे दिलं आणि आम्हाला गाडीत बसवलं.

साहेब वाईट नव्हता. बोलायचा फार. गाडीवर उभा राहून हात हलवत मजुरांपुढे बोलायचा. एक अक्षर कळायचं नाही, तरी बायका निंदण सोडून ऐकायच्या. माय म्हणायची, "याले वावरात काहून ठेवलं? पाटलाच्या ओट्यावर बसवा."

त्याची कपाशी आमच्या काळ्या मातीत पिवळी पडली. लढाई संपली, भाव पडला, साहेब निघाला. जाताना बाला मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "पुढच्या वर्षी चांगलं बी घेऊन येतो. तू इथेच राहा." बा राहिला. अकोल्यातल्या जठारपेठेत खोली घेऊन भाड्याची गाडी हाकू लागला. पोळा आला, तरी गावाला गेला नाही. "साहेब येईन अन् मी नसन त?" पुढच्या पोळ्यालाही तेच.

त्यानंतरच्या पोळ्याला मात्र बैल सजवून आम्ही वलगावला गेलो. तोरणाखालून जोड्या ओळीने जातात आणि कोणाची जोडी कुठे, हे ठरलेलं असतं. बाची पाटलाच्या मागोमाग. तिथे काकाचे बैल उभे होते.

"सरक बे," बा म्हणाला.

"दादा, गाव का तुह्यासाठी जागा रिकामी ठेवन? पावण्याची जोडी मांग लागते."

कोणीतरी हसलं. पाटील तोरणाकडे बघत राहिला. बाने बैल तिथूनच वळवले.

मायने आमचं बंद घर उघडलं, चुलीतली जुनी राख सुपात भरून उकिरड्यावर टाकली आणि गाडीत येऊन बसली. वलगाव तिथे संपलं.

साहेब पुढे त्याच्या राज्याचा गव्हर्नर झाला. अमरावतीच्या मिशनमधली एक बाई त्याच्याच मुलखातली, तिने सांगितलं. तिथे लोकच मतं देऊन सुभेदार बसवतात म्हणे. याला दोनदा बसवलं. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांना मी कापूस शिकवला, असं तो सभांत सांगायचा. तिसऱ्यांदा लोकांनी दुसराच माणूस बसवला. सरकारी बंगला सोडताना साहेब रडला.

"लोकांसाठी एवढं केलं, तरी जागा गेली," बाई हळहळली.

मी म्हटलं, "आमच्या बाले इचारलं असतं त्यानं." बाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघालेले, दोघेही विचारता, घर कुठलं म्हणायचं? वलगाव म्हणवत नाही. जठारपेठ म्हणतानाही जीभ अडते. मी रोज सकाळी चुलीतली राख काढते. ज्या चुलीची राख उद्या मलाच काढायची आहे, ते माझं घर. परवाचा शब्द मी कोणाला देत नाही.